बाबांच्या गाडीत रस्ता दाखवायला काय बसवावं?

पत्र: माझे वडील ७४ वर्षांचे आहेत, कराडला राहतात. गाडी २०१५ ची, छोटी, स्क्रीन नसलेली. स्टीरिओला ब्लूटूथ आहे. महिन्यातून एक-दोनदा ते एकटे गाडी घेऊन आमच्याकडे पुण्याला कोथरूडला येतात, नाहीतर चिपळूणला आत्याकडे जातात. गेल्या महिन्यात चांदणी चौकात भलत्याच रॅम्पवर चढले आणि तासभर बावधनमध्ये फिरत राहिले. मोबाइलवरचा नकाशा त्यांना नको वाटतो. ऐन वळणावर कुणाचा तरी फोन येतो, नकाशा गायब होतो, बाईचा आवाज ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, तो तिथून सॅटनॅव्ह, म्हणजे गाडीत लावायचं रस्ता सांगणारं वेगळं यंत्र, आणतो म्हणतो. माझे यजमान म्हणतात, मोबाइलसारखी स्क्रीन असलेला अँड्रॉइड स्टीरिओ बसवून टाकू. बाबांना सोपं जाईल आणि मध्येच दगा देणार नाही असं काय घ्यावं?

उत्तर:

ताई, आधी भावाला थांबवा. इंग्लंडच्या दुकानात मिळणारं गार्मिन किंवा टॉमटॉमचं यंत्र तिथे उत्तम चालतं, पण त्यात नकाशा ब्रिटनचा किंवा युरोपचा असतो. भारताचा नकाशा मिळवायचा तर वेगळा शोधून, वेगळे पैसे मोजून भरावा लागतो. शिवाय ही यंत्रं तिकडे सोपी वाटतात ती पोस्टकोडमुळे. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडात साधारण पंधराएक घरं येतात. सहा-सात अक्षरं टाकली की गाडी थेट गल्लीत पोचते. आपल्या पिनकोडात दहा-बारा गावं सहज बसतात. म्हणजे इथे बाबांना गावाचं नाव इंग्रजीत टाइप करत बसावं लागेल, आणि सोपेपणा तिथेच संपला. भाऊ तिकडे स्वतःच्या सासऱ्यांसाठी घेत असेल तर पाच-सहा इंची स्क्रीनचं, नकाशे फुकट अपडेट होणारं जरूर घ्यावं. कराडसाठी नको.

भारतातही दहा-पंधरा वर्षांपूर्वी असे स्वतंत्र नॅव्हिगेटर दुकानात मिळत. आता मोबाइलने ती बाजारपेठ जवळपास संपवली आहे. जुनं एखादं मिळालंच तर त्यात नवे बायपास आणि नवे उड्डाणपूल नसतील. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला; त्याआधीचा नकाशा बाबांना पुन्हा बावधनलाच नेऊन सोडेल.

अँड्रॉइड स्टीरिओबद्दल यजमानांचा विचार वाईट नाही, पण स्वस्तातल्या स्टीरिओत तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, जीपीएसची अँटेना. ती काड्यापेटीपेक्षा लहान, काळी चौकोनी डबी असते, तिला लांब वायर असते. घाईत बसवणारा ती स्टीरिओच्या मागेच, पत्र्याच्या सांगाड्यात कोंबून देतो. आकाश दिसत नाही म्हटल्यावर गाडीचा निळा बाण नकाशावर उड्या मारतो. ही डबी डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला, काचेखाली चिकटवून घ्यायची असते. दुसरी गोष्ट इंटरनेटची. स्टीरिओला बहुधा स्वतःचं सिम नसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, जोडणी झाली का बघा, हे आलंच. तिसरी, दोन जीबी रॅमचे स्टीरिओ वर्ष-दीड वर्षात इतके मंदावतात की बोट लावल्यावर काही घडेपर्यंत वळण मागे पडतं. वायरिंग कापून जोडलं तर गाडीच्या विजेच्या तक्रारी वेगळ्याच. ज्यांच्या गाडीत कंपनीचीच स्क्रीन आणि अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (मोबाइलचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) आहे त्यांनी खुशाल तेच वापरावं. तुमच्या बाबांच्या गाडीवर हा खर्च करू नका.

आमचा सल्ला असा: घरात पडलेला एक बरा अँड्रॉइड मोबाइल घ्या आणि तो फक्त गाडीचा करून टाका. बाबांचा रोजचा मोबाइल खिशात राहील आणि हा डॅशबोर्डवर. बाबांची मुख्य तक्रार काय आहे ते बघा: फोन येतो आणि नकाशा जातो. ज्या मोबाइलचा नंबर कुणाकडेच नाही, ज्यात व्हॉट्सअॅप नाही, त्यावर सहसा फोन येणार नाही. आजवर त्यांच्या एकाच यंत्रावर दोन कामं पडत होती, ती वेगळी केली की अर्धा त्रास तिथेच मिटतो.

जुना मोबाइल निवडताना स्क्रीन सहा इंचाच्या पुढची असावी, रॅम निदान चार जीबी, आणि प्ले स्टोअरवरून गूगल मॅप्स अजून अपडेट होत असावं. पाठ फुगलेली वाटली किंवा झाकण उचललेलं दिसलं तर तो मोबाइल गाडीत अजिबात ठेवू नका. बॅटरी सुजली आहे आणि उन्हात ती धोक्याची आहे. मग फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून, अंगणात किंवा गच्चीवर उघड्या आकाशाखाली न्या. मिनिट-दोन मिनिटांत निळा ठिपका तुमच्याच घरावर स्थिरावला तर जीपीएस ठीक आहे. समोरच्या आळीत भटकत राहिला तर दुसरा मोबाइल शोधा.

सिमचं काय, हा प्रश्न येईल. जीपीएस उपग्रहांकडून नुसतं ऐकतं, त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला तर सिमशिवायही गाडी मुक्कामाला पोचते. पण पुढची वाहतूक कोंडी, बंद रस्ते आणि पर्यायी मार्ग यांच्यासाठी नेट हवंच. म्हणून सर्वांत कमी डेटाचं एक सिम टाका. रस्ता दाखवायला डेटा फार थोडा लागतो. आणि तरीही ऑफलाइन नकाशा उतरवाच, कारण चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात रेंज कधी जाईल ते सांगता येत नाही. घरच्या वायफायवर मॅप्स उघडून प्रोफाइलच्या गोल चित्रावर बोट लावा, ‘ऑफलाइन नकाशे’ निवडा आणि चौकट ओढून तीन तुकडे उतरवा: कराड ते पुणे, कराड–पाटण–चिपळूण, आणि कोल्हापूर बाजू. एकच प्रचंड चौकट घ्यायला गेलात तर ती उतरत नाही. महिन्यातून एकदा मोबाइल घरच्या वायफायला लावून ठेवा, म्हणजे नकाशे ताजे राहतील.

आता सेटिंग्ज. हे काम तुम्ही एका बैठकीत करा, बाबांच्या हाती तयार झालेलाच मोबाइल द्या.

मॅप्सच्या सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनच्या पानावर आवाजाची भाषा मराठी करा. ‘२०० मीटरवर डावीकडे वळा’ हे ऐकून हात आपोआप वळतो. इंग्रजी वाक्य आधी समजून घ्यावं लागतं, आणि ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी त्या एका सेकंदात १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. मराठी आवाज गावांची नावं अधूनमधून विचित्र उच्चारतो, तेवढं चालवून घ्यायचं. सूचनांचा आवाज ‘मोठा’ वर ठेवा.

बाबांना आवाज का ऐकू येत नाही, याचं कारण कानात नसून बहुतेक स्टीरिओत आहे. मोबाइल ब्लूटूथने स्टीरिओला जोडलेला असतो आणि स्टीरिओवर आकाशवाणी लागलेली असते. मॅप्स आपली सूचना ब्लूटूथकडे पाठवतं, पण स्टीरिओ रेडिओवर असल्यामुळे ती स्पीकरपर्यंत येतच नाही. चालकाला वाटतं, बाई गप्प बसली. नेव्हिगेशनच्याच पानावर ‘आवाज ब्लूटूथवरून ऐकवा’ असं बटण असतं, ते बंद करा. त्याहून साधं म्हणजे या मोबाइलचं ब्लूटूथच बंद ठेवा, तो स्वतःच्या स्पीकरमधून बोलेल. स्पीकर मोबाइलच्या खालच्या कडेला असतो. स्टँडचा पंजा त्याच जाळीवर येत नाही ना, एवढं बघा.

‘इंधन वाचवणारे मार्ग’ हा पर्याय बंद करा. काही थेंबांसाठी अनोळखी आतल्या रस्त्याला लावण्यापेक्षा बाबा हमरस्त्यावर असलेले बरे. ‘उत्तर दिशा वर’ हेही बंद, म्हणजे गाडी जिकडे जाते तिकडे नकाशाचं तोंड राहील. बॅटरी सेव्हर बंद. लोकेशनची परवानगी देताना ‘अचूक’ हाच पर्याय निवडा. स्क्रीन लॉक काढून टाका. ऐन वेळी पिन आठवत बसायला नको.

आणि एक चूक फार जणांच्या लक्षात येत नाही. भारतात मॅप्समध्ये कारशेजारी मोटारसायकलचंही चिन्ह असतं. एकदा चुकून त्यावर बोट पडलं की पुढच्या वेळीही बऱ्याचदा तोच प्रकार निवडलेला राहतो आणि कार बोळात जाऊन अडकते. निघण्यापूर्वी वरच्या ओळीत कारचं चित्र निवडलेलं आहे ना, हे बाबांना दाखवून द्या. रस्ता अरुंद असल्याची सूचना देणारी सोय गूगलने जुलै २०२४ मध्ये आठ शहरांपासून सुरू केली, पण त्या आठांत महाराष्ट्रातलं एकही शहर नव्हतं. तिच्या भरवशावर राहू नका.

मग ठिकाणं. या मोबाइलसाठी एक वेगळं गूगल खातं काढा आणि तेच खातं तुमच्या मोबाइलमध्येही जोडून ठेवा. त्यात ‘घर’ म्हणजे कराडचं घर, आणि बाकीच्यांना बाबा म्हणतात तशी नावं द्या: ‘ताईचं घर’, ‘चिपळूण आत्या’, ‘डॉक्टर’. इमारतीच्या नावावर विसंबू नका. नकाशा मोठा करून नेमक्या फाटकावर बोट दाबून धरा, लाल खूण उमटली की ती जागा जतन करा. पार्किंगचं फाटक मागच्या गल्लीत असेल तर खूण तिथेच हवी. खातं एकच असल्याने उद्या बाबांना सांगलीला लग्नाला जायचं झालं, तर तुम्ही पुण्यात बसून कार्यालयाची जागा जतन करा, त्यांच्या मोबाइलवर ती आपोआप दिसेल. याहून पुढचं: होम स्क्रीनवर बोट दाबून धरलं की विजेट, म्हणजे स्क्रीनवर ठेवायची तयार बटणं, येतात, त्यात मॅप्सच्या खाली ‘डायरेक्शन्स’ असतं. प्रत्येक ठिकाणाचं एकेक बटण करून ठेवा आणि बाकी सगळी चित्रं तिथून काढून टाका. स्क्रीनवर चारच बटणं, ठळक मराठीत. बाबांना टाइप करायची वेळच यायला नको.

टाइप करावंच लागलं तर सारख्या नावांचा घोळ होतो. खेड रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि पुणे जिल्ह्यातही, ज्याला राजगुरुनगर म्हणतात. कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. मालेगाव नाशिकचं आणि वाशिमचंही. म्हणून निघण्याआधी किलोमीटरचा आकडा वाचायची सवय लावा. कराडहून कोकणातलं खेड सुमारे १३० किलोमीटर, राजगुरुनगर २०० च्या आसपास. आकडा मनातल्या अंदाजाशी जुळला नाही तर गाडी सुरू करायची नाही.

स्टँड कोणता, यावर बराच विचार करायला हवा, कारण मोबाइल खाली पडला की चालक वाकतो. काचेला चिकटणारी रबरी वाटी उन्हाने सैल पडते. काच आणि वाटी दोन्ही साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करून बसवली तर टिकते. एसीच्या झरोक्यात अडकवायचा स्टँड उन्हाळ्यात फायद्याचा, थंड हवा सरळ मोबाइलच्या पाठीवर येते, पण जड मोबाइलने झरोक्याची पाती वाकतात. २०१५ च्या छोट्या गाडीची पाती नाजूक असतील तर डॅशबोर्डवर स्क्रूने आवळायच्या वाटीचा, पंजाने धरणारा स्टँड घ्या. चुंबकाचा नको: त्याने मोबाइलचा कंपास बिघडतो आणि उभ्या गाडीत बाण भलतीकडे तोंड करतो, म्हणजे नेमकं निघताना कुठल्या बाजूला वळायचं ते चुकतं. एअरबॅगच्या झाकणावर काहीही बसवायचं नाही. समोरचा रस्ता झाकला जाणार नाही अशी, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या कडेशी जागा धरा.

चार्जरबाबत लोक फसतात ते असं: स्टीरिओच्या यूएसबीला वायर लावतात, चार्जिंगची खूण दिसते, आणि तरी शिरवळपर्यंत बॅटरी अर्ध्यावर येते. त्या यूएसबीतून बऱ्याचदा अर्धा-एक अँपिअरच येतो आणि चालू स्क्रीन, जीपीएस मिळून त्याहून जास्त खातात. सिगारेट लायटरच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा, निदान १८ वॉटचा चांगला चार्जर आणि एक मीटरची जाड वायर घ्या. लांब वायर गिअरला अडकते. सॉकेट चालतच नसेल तर आधी फ्यूज तपासून घ्या, जुन्या गाडीत तो उडालेला असतो आणि कुणाला पत्ताच नसतो.

गाडी उभी केली की मोबाइल काढून घरात न्यायचा, हा नियम पक्का करा. बहुतेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी केलेले असतात. मे महिन्यात बंद गाडीची काच त्याच्या कितीतरी पुढे जाते. तापलेला मोबाइल आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी बंद पडतो.

चष्म्याचं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. बाबांचा चष्मा दोन भिंगांचा असेल तर वरचा भाग लांबचं बघायला आणि खालचा हातातलं पुस्तक वाचायला. डॅशबोर्ड या दोन्हींच्या मध्ये, साधारण दोन-अडीच फुटांवर असतो, आणि त्या अंतराला या चष्म्यात भिंगच नसतं. म्हणून ते मान वर करून अक्षरं शोधतात आणि तेवढ्यात पुढची गाडी ब्रेक लावते. मोबाइलमधली अक्षरं सर्वांत मोठी करा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना ऐकून गाडी चालवायची सवय लावा. स्क्रीनकडे बघायचं ते सिग्नलला. डोळ्यांच्या डॉक्टरांना डॅशबोर्डचं अंतर सांगून चष्मा विचारा. रात्री नकाशा काळ्या रंगाचा व्हावा आणि उजेड आपोआप कमी व्हावा, हे सेटिंग चालू ठेवा. मोतीबिंदू थोडाही असला तर पांढऱ्या स्क्रीननंतर अंधाऱ्या रस्त्याला डोळा लवकर सरावत नाही.

कायद्याची काळजी नको. मोबाइल हातात धरून गाडी चालवणं गुन्हा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फक्त रस्ता पाहायला वापरणं १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांना मान्य आहे. स्टँडवर असेल, बोट लागत नसेल, तर झालं.

यंत्र कुठे चुकतं हे बाबांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे चुकलं की ते गोंधळणार नाहीत. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलच्या जीपीएसला साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतात. महामार्ग आणि त्याच्या कडेचा सेवा रस्ता यांत कधीकधी तेवढंच अंतर असतं. उंची तर त्याला आणखीच कमी कळते, त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, इथे त्याचा गोंधळ होतो. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला नकाशा पाहत निघालेल्या एका महिलेची गाडी पुलावर चढण्याऐवजी खालच्या रस्त्याने धक्क्यावर गेली आणि खाडीत पडली. पोलिसांनी त्यांना वाचवलं. म्हणून जिथे फाटे फुटतात तिथे हिरवी-निळी पाटी काय म्हणते ते आधी, मोबाइल नंतर. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, बाण थांबेल किंवा अंदाजाने सरकेल. बाहेर पडल्यावर काही क्षणांत जागेवर येतो, तोवर त्याच्याकडे बघायचं नाही.

घाटांच्या आणि पाण्याच्या बाबतीत मात्र नकाशावर विश्वास ठेवायचाच नाही. भोर–महाडचा वरंधा घाट पावसाळ्यात वाहतुकीला बऱ्याचदा बंद करतात. तो आदेश नकाशात वेळेवर उमटेलच असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी पाण्याखाली गेलेल्या पुलावरून धरणाच्या पाण्यात शिरली, चालक दगावला. जून ते सप्टेंबर चिपळूणला निघण्याआधी बाबांनी आत्याला फोन करून घाट कसा आहे ते विचारावं. अंधार पडल्यावर अनोळखी आतला रस्ता दाखवला तर नाही म्हणावं आणि हमरस्त्याने पुढे जावं. दहा मिनिटं जास्त लागतील. वाटेत ‘जलद मार्ग सापडला’ असं आलं तरी आहे तोच रस्ता ठेवायचा.

वळण चुकलं तर थांबायचं नाही, वळायचं नाही, आणि महामार्गावर रिव्हर्स तर मरेपर्यंत घ्यायचा नाही. यंत्र पाच-दहा सेकंदांत नवा मार्ग आखतं. ‘यू-टर्न घ्या’ म्हटलं तरी अधिकृत तोंड येईपर्यंत सरळ जायचं.

सराव तीनदा करा. पहिल्यांदा कराड ते उंब्रज, जो रस्ता बाबांना पाठ आहे. म्हणजे यंत्राच्या सूचना किती आधी येतात, ‘२०० मीटर’ म्हणजे प्रत्यक्षात किती, हे त्यांना कळेल. दुसऱ्यांदा त्यांना मुद्दाम एक वळण चुकवायला सांगा, म्हणजे यंत्र स्वतःला सावरून घेतं हे डोळ्यांनी दिसेल. तिसरा सराव तुमच्या घरचा. कोथरूडला यायला चांदणी चौकच हवा असं नाही; वारज्याला खाली उतरून कर्वेनगरमार्गे येता येतं, आणि तिथे फाटे कमी आहेत. वारजे पुलाखालची जागा जतन करून ठेवा आणि निघताना ‘थांबा जोडा’ करून ती मध्ये टाकायला शिकवा. रविवारी सकाळी सातला, रहदारी नसताना, बाबांसोबत गाडीत बसा. रस्ता तुम्हाला माहीत आहे, तरी बोलू नका. डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या हे त्या दिवशी फक्त यंत्राला सांगू द्या.